‘देवाने मला सांगितलं’ : मंडळीत अलौकिक अनुभवाची जागा कुठे?

एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना चालू आहे. गीत संपतं, प्रार्थना सुरू व्हायला थोडा अवकाश असतो, आणि मागच्या बाकावरची एक बाई उभी राहते. आवाज कापतो आहे. "देवाने मला आत्ता काहीतरी दाखवलं," ती म्हणते. सगळ्या माना तिच्याकडे वळतात. पाळकांच्या हातात दोन-तीन क्षण आहेत. तिला बसायला सांगायचं? बोलू द्यायचं? आणि बोलू दिलं, तर ती जे सांगेल त्याचं पुढे करायचं काय?

जगातल्या अनेक मंडळ्यांत असा प्रसंग दर आठवड्याला घडतो. दुसऱ्या अनेक मंडळ्यांत तो कुणी पाहिलेलाही नसतो. दोन्हीकडे वाचलं जातं ते एकच पवित्र शास्त्र. मग एवढा फरक का? आणि ज्यांना असे अनुभव येतात त्यांचं, ज्यांना येत नाहीत त्यांचं, मंडळीत नेमकं स्थान काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. अनुभव खरा की खोटा यावर आपण तावातावाने बोलतो. तो पारखायचा कुणी, कसा, आणि त्या पारखण्यात दुबळ्या माणसाला कोण सांभाळणार, याबद्दल मात्र फारसं बोलत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो हा दुसरा प्रश्न.

‘अलौकिक अनुभव’ म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या गोष्टी येतात : अन्य भाषा बोलणं (प्रार्थनेत न शिकलेल्या, अनोळखी भाषेत बोलू लागणं), दर्शन, भविष्यवाणी (देवाकडून आलेला संदेश सांगणं), हात ठेवून प्रार्थना केल्यावर आजार जाणं, भुतं काढणं. पण या नावाखाली शांत गोष्टीही येतात. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये एका छोट्या सभेत कुणीतरी बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं. ऐकता ऐकता जॉन वेस्लीला आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवली. ना आवाज, ना प्रकाश. तरी मेथडिस्ट चळवळीचा इतिहास सांगताना ती संध्याकाळ वगळता येत नाही. म्हणजे अनुभव किती नाट्यमय होता यावरून त्याचं वजन ठरत नाही.

या विषयावरचा फार जुना आणि अजूनही सगळ्यात उपयोगी मजकूर म्हणजे प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं, बायबलमधलं पहिलं पत्र. काळ इसवी सनाच्या ५० च्या दशकातला. करिंथच्या मंडळीत कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या अशा खास देणग्यांची, काही कमतरता नव्हती. उलट एकाच वेळी अनेक जण अन्य भाषांत बोलत, कुणाचं कुणाला कळत नसे, आणि ज्यांना हे दान होतं ते स्वतःला वरचढ समजत. त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी कुणी भरपेट जेवायचा, तर गरीब उपाशी राहायचा. पौल दोन्ही गोष्टींबद्दल एकाच पत्रात लिहितो. मला वाटतं, हा योगायोग नाही. जिथे अनुभवांची उतरंड लागते तिथे माणसांचीही लागते.

पौलाचं उत्तर काय? तो बंदी घालत नाही. आपण तुम्हा सर्वांपेक्षा जास्त अन्य भाषा बोलतो, असं तो स्वतःच सांगतो. पण लगेच पुढे म्हणतो की मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द मला बरे. मग अगदी घरगुती नियम येतात. अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, आणि पाळीपाळीने. अर्थ सांगणारा हवा. तो नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहून मनात देवाशी बोलावं. संदेश देणाऱ्यांनीही दोघा-तिघांनीच बोलावं, आणि बाकीच्यांनी ते पारखावं.

हे शेवटचं वाक्य, चौदाव्या अध्यायातलं एकोणतिसावं वचन, मी पुन्हा पुन्हा वाचतो. संदेश देणारा बोलतो तेव्हा बाकीची मंडळी टाळ्या वाजवायला बसलेली नसते, पारखायला बसलेली असते. बोलण्याचं दान एकाला, पारखण्याचं काम सगळ्यांना. आजच्या कितीतरी सभांमध्ये नेमकी हीच व्यवस्था मोडली आहे. मंचावर एक माणूस, हातात माईक, आणि समोर हजारो लोक ज्यांनी फक्त ‘आमेन’ म्हणायचं. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मध्ये प्रीतीचा तेरावा अध्याय आहे. लग्नात तो आवडीने वाचला जातो, पण लिहिला गेला तो कृपादानांवरून भांडणाऱ्या माणसांसाठी.

थेस्सलनीकाच्या मंडळीला तर त्याने हे एका दमात सांगितलं : आत्म्याला विझवू नका, संदेश तुच्छ मानू नका, सगळं पारखा, चांगलं ते धरून ठेवा. आजच्या मंडळ्यांचा वाद बघितला, तर एका बाजूने (ही दानं आजही मिळतात असं मानणाऱ्यांनी) या वचनाचा पहिला अर्धा भाग घेतला आहे आणि दुसऱ्या बाजूने (ती थांबली असं मानणाऱ्यांनी) दुसरा.

दुसऱ्या बाजूची भूमिका नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. ‘दानं थांबली’ असं मानणारे ख्रिस्ती देव आजार बरे करत नाही असं म्हणत नाहीत. ते प्रार्थना करतात, देव बरं करतो असंही मानतात. त्यांचं म्हणणं एवढंच की एखाद्या व्यक्तीच्या हाती चमत्कारांचं दान असणं ही प्रेषितांची, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या प्रचारकांची, ओळखपत्रं होती. प्रेषितांचा काळ संपला, तसं त्या ओळखपत्रांचं कामही संपलं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये हे मत सगळ्यात ठामपणे मांडलं. ही भीती हवेतून आलेली नाही. दुसऱ्या शतकात फ्रिगियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटॅनस आणि त्याच्यासोबतच्या दोन संदेष्ट्या, प्रिस्किला व मॅक्सिमिला, यांच्याभोवती एक चळवळ उभी राहिली. तिथे संदेश देणारे देवाच्या नावाने थेट ‘मी’ म्हणून बोलत, आणि बिशपांची पारख त्यांना मान्य नव्हती. मंडळी तेव्हापासून सावध झाली.

पण याच प्रश्नावर चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताचा प्रवास बघण्यासारखा आहे. सुरुवातीच्या लिखाणात त्याने म्हटलं की चमत्कार प्रेषितांच्या काळापुरते होते. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप झाल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या माणसांमध्ये, लोक बरे होताना त्याने पाहिले. तो त्यांची लेखी नोंद ठेवू लागला, त्या नोंदी मंडळीत वाचून दाखवू लागला, आणि ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या पुस्तकात त्यातल्या अनेक घटना त्याने तपशिलाने लिहिल्या. आपलं आधीचं विधान त्याने उघडपणे दुरुस्त केलं. एवढ्या मोठ्या विचारवंताने समोर दिसलेल्या गोष्टीपुढे मत बदलावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आजचं चित्र घडलं ते मात्र विसाव्या शतकात, पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीतून. १ जानेवारी १९०१ ला अमेरिकेत टोपेका इथल्या एका बायबल शाळेत अॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी प्रार्थनेत अन्य भाषा बोलू लागली. तिचे शिक्षक चार्ल्स पार्हम यांनी यातून सिद्धांत काढला : अन्य भाषा हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे माणूस त्या आत्म्याने भरून गेल्याचा, पुरावा. पार्हम यांच्या ह्यूस्टनच्या वर्गात विल्यम सीमोर हे कृष्णवर्णीय प्रचारक शिकायला आले, तेव्हा वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना आत बसू दिलं गेलं नाही. उघड्या दाराबाहेर बसून ते शिकले. १९०६ च्या एप्रिलमध्ये त्याच सीमोर यांच्या सभा लॉस एंजेलिसमध्ये अझुसा रस्त्यावरच्या एका पडीक इमारतीत सुरू झाल्या. दिवसाला तीन-तीन सभा, सुमारे तीन वर्षं. गोरे-काळे एकाच बाकावर, एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना करताना. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट अन्य भाषांपेक्षा कमी अलौकिक नव्हती, असं मी म्हणेन. दुःख हे की काही वर्षांतच ही चळवळ पुन्हा वर्णानुसार विभागली गेली.

अझुसाच्या आधी, १९०५ च्या जूनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली होती, म्हणजे अनेकांचा विश्वास एकदम पेटून उठला होता. मिनी अब्राम्स या त्यांच्या सहकारी बाईंनी नोंदवलं आहे की प्रार्थना करणाऱ्या एका मुलीभोवती दुसऱ्या मुलीला आग दिसली, आणि ती विझवायला ती पाण्याची बादली आणायला धावली. पुढे तिथे अन्य भाषाही आल्या. पण रमाबाई आणि अब्राम्स दोघींनीही अन्य भाषांना पवित्र आत्म्याची एकमेव खूण ठरवलं नाही. अब्राम्स यांनी या जागृतीवर लिहिलेलं छोटं पुस्तक चिलीतल्या मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांच्या घरी पोहोचलं, आणि १९०९ मध्ये तिथेही तशीच जागृती झाली. म्हणजे पेंटेकॉस्टल चळवळ एका ठिणगीतून पेटलेली नाही. ती अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच काळात उगवली.

मग ती जुन्या चर्चेसमध्ये शिरली. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातले एपिस्कोपल (अमेरिकन अँग्लिकन) धर्मगुरू डेनिस बेनेट यांनी आपल्याला हा अनुभव आल्याचं उपासनेत सांगितलं आणि त्यांना ते चर्च सोडावं लागलं. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या काही कॅथलिक लोकांच्या एकांतशिबिरातून कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ सुरू झाली. आपल्या जुन्या चर्चमध्येच राहून अशी कृपादानं मानणारे ते कॅरिस्मॅटिक. प्यू संशोधन केंद्राच्या २०११ च्या अहवालानुसार जगात पेंटेकॉस्टल ख्रिस्ती सुमारे २७.९ कोटी आणि इतर चर्चेसमधले कॅरिस्मॅटिक सुमारे ३०.५ कोटी होते. जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त. तेव्हा हा विषय एखाद्या कोपऱ्यातल्या गटाचा राहिलेला नाही.

आता एकेका अनुभवाकडे येऊ. अन्य भाषांबद्दल सुरुवातीच्या पेंटेकॉस्टल लोकांची समजूत अशी होती की या जगातल्या खऱ्या भाषा आहेत, देव त्या फुकट देतो आहे, म्हणजे मिशनऱ्यांना भाषा शिकायला नको. अझुसाहून अल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी १९०७ मध्ये कलकत्त्याला पोहोचले ते आपल्याला बंगाली मिळाली आहे या खात्रीने. बंगाल्यांना त्यांचं काही कळलं नाही. गार यांनी तरी अनुभव टाकून दिला नाही. त्याचा अर्थ बदलला. ही माणसांना शिकवण्याची नाही, देवाशी प्रार्थना करण्याची भाषा आहे, असं ते मानू लागले. पुढे चळवळीतल्या बहुतेकांनी हेच मानलं. घटनांनी शिकवलं आणि मंडळीने आपली समज सुधारली, याचं हे प्रामाणिक उदाहरण मला आवडतं.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की अन्य भाषा बोलणारा आपल्या ओळखीच्या भाषांतलेच ध्वनी वापरतो. लय आणि चढउतार भाषेसारखे असतात, पण व्याकरण आणि शब्दार्थ सापडत नाहीत. २००६ मध्ये अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या चमूने पाच महिलांच्या मेंदूंचं चित्रण केलं. अन्य भाषेत प्रार्थना करताना मेंदूच्या पुढच्या भागातली, म्हणजे ठरवून काम करणाऱ्या भागातली, हालचाल कमी झालेली दिसली. आपण बोलत नाही, आपल्यातून बोललं जातं, असं त्या सांगतात, त्याच्याशी हे जुळतं. पाचच महिला होत्या, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. आणि मेंदूत काय घडतं हे कळलं म्हणून ते देवाकडून नाही असं ठरत नाही, तसंच देवाकडून आहे असंही ठरत नाही. भजन म्हणतानाही मेंदूत काहीतरी घडतंच.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी अमेरिकेतल्या व्हाइनयार्ड नावाच्या कॅरिस्मॅटिक वळणाच्या मंडळ्यांमध्ये अनेक वर्षं राहून पाहिलं की लोक देवाचा आवाज ऐकायला हळूहळू शिकतात. मनात आलेल्या विचारांपैकी कोणता आपला आणि कोणता देवाचा, हे ओळखण्याचा सराव करतात. काही जणांना शुभवर्तमानातला प्रसंग मनात जिवंत उभा करून प्रार्थना करायला दिलं, काहींना नुसती व्याख्यानं ऐकायला दिली. पहिल्या गटात ठळक मनोचित्रं आणि वेगळे अनुभव जास्त आले. काही विश्वासू माणसांना हे ऐकून वाईट वाटतं. मला वाटत नाही. बायबलमधला शमुवेल लहान असताना देवाने त्याला तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा तो एली या याजकाकडे धावला. हाक कुणाची हे त्याला शिकवावं लागलं. मात्र शिकता येतं म्हटल्यावर चुकीचंही शिकता येतं, हेही मान्य करावं लागतं.

आजार बरे होण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे माणसं सगळ्यात जास्त दुखावली जातात.

फ्रान्समधल्या लूर्द इथे १८५८ मध्ये चौदा वर्षांच्या बर्नादेत सुबिरूला अठरा वेळा येशूची आई मरिया हिचं दर्शन झालं. तेव्हापासून तिथे बरे झाल्याचे ७,००० हून अधिक दावे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. एवढे थोडे का? तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, आणि प्रत्येक दावा अठराव्या शतकात कार्डिनल लाम्बेर्तिनी यांनी घालून दिलेल्या कसोट्यांवर घासला जातो. आजार गंभीर होता का? तो आपोआप उतरणीला लागला नव्हता ना? औषधाने फरक पडला असेल का? बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का? आजार पुन्हा उलटला तर नाही? यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. डॉक्टर एवढंच म्हणतात की आजच्या ज्ञानाने याचं कारण सांगता येत नाही. चमत्कार हा शब्द उच्चारायचा अधिकार बिशपांचा. प्रार्थना झाल्या झाल्या त्याच सभेत मंचावर बोलावून ‘आता दुखतंय का?’ असं विचारणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

प्रार्थनेवर प्रयोगही झाले. त्यातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक २००६ मध्ये प्रसिद्ध झाला : हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाही. पण आपल्यासाठी प्रार्थना होतेच आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. आपली अवस्था एवढी वाईट आहे का, असा ताण रुग्णांवर आला असावा, अशी एक शक्यता तेव्हा मांडली गेली. अनोळखी माणसांनी रुग्णाचं नाव घेऊन ठरलेल्या शब्दांत केलेली प्रार्थना आणि शेजारी बसून, हात धरून केलेली प्रार्थना एकच नव्हे, हे खरं. तरीही प्रार्थनेला औषधाच्या मात्रेसारखं विकणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

शास्त्र स्वतः याबाबत फार मोकळं आहे. याकोब सांगतो, आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना (पुढाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. प्रत्येक मंडळीने हे करावं, मनापासून करावं, असं मला वाटतं. पण पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारीच सोडलं. तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. या तिघांपैकी एकालाही कुणी ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं म्हटलेलं नाही. आज कर्करोगाच्या बाईला, मूल गमावलेल्या आईला हे वाक्य ऐकवलं जातं. आजारी माणसाच्या छातीवर ठेवलेला हा दुसरा दगड आहे. आणि गोळ्या बंद करणं म्हणजे विश्वास, असं कुणी शिकवत असेल, तर तिथे पारखत बसायचं कारण नाही. त्याला तिथल्या तिथे थांबवावं.

भुतं काढण्याबद्दल थोडक्यात. १९७६ मध्ये जर्मनीत एक तेवीस वर्षांची विद्यार्थिनी अनेक महिने चाललेल्या भूतबाधा-निवारणाच्या विधीनंतर कुपोषणाने मरण पावली. १९७८ मध्ये तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना हलगर्जीने मृत्यू घडवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. कॅथलिक चर्चमध्ये बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी करता येत नाही, आणि १९९९ च्या सुधारित विधीत मानसिक आजाराबद्दल सावधगिरीवर भर आहे. इंग्लंडच्या चर्चने १९७५ मध्येच ठरवलं की हे काम बिशपांनी नेमलेल्या माणसांनीच, वैद्यकीय मदतीसोबत, कमीत कमी गाजावाजा करून करावं, आणि त्यानंतरही त्या माणसाची काळजी घेत राहावं. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका रात्रीचा आरडाओरडा झाला की माणूस एकटा पडतो.

भविष्यवाणीकडे येताना प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय उघडावा. सोरेतले शिष्य ‘आत्म्याच्या द्वारे’ पौलाला सांगतात की यरुशलेमला जाऊ नकोस. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो : याच्या मालकाला असं बांधतील. आणि पौल? तो जातो. संदेश त्याने नाकारला नाही, पण काय करायचं हा निर्णय त्याचा होता. भविष्यवाणी खरी मानली तरी ती आज्ञा होत नाही. अमक्याशी लग्न कर, नोकरी सोड, घर विक, असं देवाच्या नावाने सांगणाऱ्यांना हा अध्याय दाखवावा.

२०२० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीबद्दल अनेक नामांकित संदेष्ट्यांनी देवाच्या नावाने निकाल जाहीर केला आणि तो चुकला. काहींनी जाहीर माफी मागितली. माफी मागितल्याबद्दल त्यांना शिव्या आणि धमक्याही मिळाल्या. २०२१ मध्ये काही कॅरिस्मॅटिक नेत्यांनीच एक निवेदन काढलं. जाहीर केलेली भविष्यवाणी चुकली तर जबाबदारीही जाहीरपणे घ्यावी, आणि कुणीही इतर नेत्यांच्या देखरेखीबाहेर राहू नये, हा त्याचा गाभा. बऱ्याच समजूतदार मंडळ्यांत आता एक साधी सवय शिकवतात. ‘देव म्हणतो’ ऐवजी म्हणायचं, ‘मला असं जाणवतं, तुम्ही पारखून बघा.’ एवढ्या एका बदलाने ऐकणाऱ्याच्या मानेवरचा हात निघतो.

तर पारखायचं कसं? चर्चच्या इतिहासात यावर खूप खोल विचार झाला आहे, आणि गंमत म्हणजे तो बहुतेक अशा माणसांनी केला आहे ज्यांना स्वतःला अनुभव आले. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत, क्रूसाचे योहान, सांगतात की दर्शनांच्या मागे लागू नका. दर्शन देवाकडून असेल, तर आत्म्यात जे व्हायचं ते त्या क्षणीच होऊन गेलेलं असतं. त्याला कवटाळून बसायची गरज नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत अशा फसगतीला ‘प्रेलेस्त’ असा शब्दच आहे. आपल्याला काही विशेष मिळालं या गोडीत माणूस फसतो, म्हणून तिथे आध्यात्मिक वडिलांशिवाय या वाटेने जात नाहीत.

पण माझ्या मनात घर करून आहेत ते अठराव्या शतकातले अमेरिकेतले पाळक जोनाथन एडवर्ड्स. नॉर्थॅम्प्टन या गावात १७३४-३५ मध्ये त्यांच्या प्रवचनांतून मोठी जागृती झाली. मग १७३५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच एका काकांनी आत्महत्या केली, आणि गावातल्या आणखी काहींना तसंच करण्याची सूचना देणारा आवाज ऐकू येतो आहे असं वाटू लागलं. एडवर्ड्सनी हे लपवलं नाही, लिहून ठेवलं. याचा अर्थ जागृती खोटी होती असं ते म्हणाले नाहीत, आणि प्रत्येक आवाज देवाचा असंही त्यांनी मानलं नाही. १७४१ मध्ये येल इथे बोलताना त्यांनी सांगितलं की रडणं, थरथरणं, कोसळणं यांवरून काहीच सिद्ध होत नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. बघायचं ते हे : या माणसाच्या मनात ख्रिस्ताची किंमत वाढली का? पापाचा ओढा कमी झाला का? शास्त्राकडे तो वळला का? सत्य त्याला प्रिय झालं का? देवावरची आणि माणसांवरची प्रीती वाढली का? या प्रश्नांची उत्तरं त्या रात्री मिळत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी, आणि बहुधा घरच्यांना विचारून, मिळतात.

व्हॅटिकनने मे २०२४ मध्ये दर्शनांबद्दलचे १९७८ चे नियम बदलले. नवे नियम लागू झाले १९ मे ला. तो पेंटेकॉस्टचा रविवार होता, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या आठवणीचा सण. आता एखाद्या दाव्याबद्दल सहापैकी एक निष्कर्ष काढला जातो, आणि त्यातला सगळ्यात अनुकूल निष्कर्ष म्हणजे ‘हरकत नाही’. अलौकिक असल्याची ग्वाही चर्च सहसा देणार नाही. लोकांना तिथे प्रार्थना करता येईल, फळं चांगली आहेत असं म्हणता येईल, पण त्या दर्शनावर विश्वास ठेवायची सक्ती कुणावरही नाही. काहींना हे गुळमुळीत वाटलं. मला यात मोठा दिलासा दिसतो. माझ्या शेजाऱ्याला जे दिसलं ते मला दिसलं नाही, म्हणून माझा विश्वास उणा ठरत नाही.

हा दिलासा फार जणांना हवा आहे. साक्षींच्या, म्हणजे आपापले अनुभव सांगण्याच्या, वेळी एकामागून एक माणसं उठतात आणि ज्यांच्याकडे सांगायला काही नाही ती खाली बघत बसतात. वर्षानुवर्षं प्रार्थना करतात, मंडळीच्या खुर्च्या लावतात, आजाऱ्यांना भेटायला जातात, आणि आतून काहीच जाणवत नाही. ते कुणाला सांगायचीही चोरी. अशांना मी एका बाईची गोष्ट सांगतो.

१० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत मदर तेरेसांना गरिबांकडे जाण्याची हाक आली. पुढचे काही महिने त्यांना ख्रिस्ताचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. काम सुरू झालं आणि तो आवाज थांबला. १९५८ मधला थोडा काळ सोडला, तर १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत देवाच्या जवळिकीची जाणीव त्यांना जवळजवळ परत मिळाली नाही. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना त्यांनी हे पत्रांतून लिहिलं, ती पत्रं नष्ट करावीत अशी विनंतीही केली. २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा कुठे जगाला कळलं. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं, आणि त्यासाठी नियमाप्रमाणे त्यांच्या मध्यस्थीने झालेले दोन चमत्कार तपासून मान्य केले. त्या चमत्कारांवर वाद झाले, पुढेही होतील. मला आठवत राहतात त्या पत्रांमधल्या बाई, जवळजवळ पन्नास वर्षं आत काही ऐकू येत नसताना रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणाऱ्या, आणि मग कुणाच्या तरी जखमा धुवायला जाणाऱ्या.